फाटकाबाहेरचा खर्च

गोव्यात साठी ओलांडलेल्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या माणसाला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून महिन्याला 2000 रुपये मिळतात. ही योजना 2001 सालची. आजारी पडलं तर 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे उपचार. सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं आहे. ऐकायला हे भरघोस वाटतं, आणि खरं सांगायचं तर देशातल्या पुष्कळ राज्यांच्या मानाने आहेच. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरिबासाठी केंद्राचा वाटा अजूनही महिन्याला 200 रुपये आहे. 2007 साली होता तेवढाच.

पण या योजना ओळीने मांडून पाहिल्या की लक्षात येतं, त्या एक तर बँकेत पैसे टाकतात, नाही तर हॉस्पिटलचं बिल भरतात. मधली जागा रिकामी आहे. अर्धांगवायू झालेला माणूस बारा दिवस वॉर्डात असतो तोवर त्याच्यावर सरकार खर्च करतं. तेराव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, रिक्षा किंवा रुग्णवाहिका फाटकाबाहेर येते, आणि तिथून पुढची पाच वर्षं त्याला कूस बदलून देणं, न्हाऊ घालणं, भरवणं, लघवीला नेणं हे सगळं कुणाच्याच हिशोबात नसतं. डॉक्टरांनी जीव वाचवला, तो खर्च नोंदला गेला. वाचलेला जीव सांभाळायचा खर्च नोंदायला आपल्याकडे रकानाच नाही.

गंमत बघा, आपल्या राज्यातल्या दोन मोठ्या सरकारी हॉस्पिटलांची लोकांच्या तोंडी बसलेली नावं काय आहेत? म्हापशाचं 'आझिलो' आणि मडगावचं 'हॉस्पिसियो'. दोन्ही पोर्तुगीज शब्द आहेत आणि दोन्हींचा मूळ अर्थ आसरा देणारी जागा असा आहे, निराधारांना, वृद्धांना ठेवून घेणारी. उपचार ही त्यांतली एक गोष्ट होती. काळाच्या ओघात उपचार उरले, आसरा गळून पडला, नाव मात्र राहिलं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली प्रोव्हेदोरिया आजही वृद्धाश्रम चालवते, नन्सचे आश्रमही आहेत. पण बऱ्याच वृद्धाश्रमांत प्रवेशाची पहिली अट हीच असते की माणसाला स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. ज्याला ते येत नाही, त्यालाच तर जागा हवी असते!

आता मुख्य मुद्दा. म्हाताऱ्या माणसांच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेवर समाजाचा किती पैसा लागेल याचा अंदाज आपण कधी बांधलेला नाही, आणि न बांधल्यामुळे तो खर्च शून्य आहे असं धरून सगळे चालले आहेत. माझं म्हणणं असं की हे शून्य खोटं आहे. तो खर्च आजही होतोच आहे, फक्त तो घरातल्या बायकांच्या खात्यावर पडतो, आणि वीस-पंचवीस वर्षांनी तोच व्याजासकट सरकारच्या दारात परत येणार आहे.

गोव्याने हा विचार इतरांच्या आधी करायला हवा, कारण आपण इतरांच्या आधी म्हातारे होतोय. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढच्यांचं प्रमाण 8.6 टक्के होतं, गोव्यात 11.2. आपल्या पुढे केरळ, 12.6. दुसरीकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर 1.3 निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी सव्वा मूल. त्या सव्वातलं एक बोटीवर, आखातात किंवा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात. सासष्टीतल्या कुठल्याही वाड्यावर फिरून या. मोठमोठी कौलारू घरं, पुढे बाल्कांव, आणि त्यावर बसलेली दोन म्हातारी माणसं, कधी एकच. सून सांभाळेल म्हणायला सून घरात हवी ना.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर, आपल्या ओळखीतल्या किती तरी जणी तिकडे वृद्धांच्या केअर होममध्ये काम करतात. तिथे त्यांच्या प्रत्येक तासाला दर आहे, पाळी आहे, पगाराची पावती आहे. तेच काम इथे स्वतःच्या आईचं केलं तर त्याला कर्तव्य म्हणतात. कर्तव्य आहेच, मी नाकारत नाही. पण कर्तव्याला तास लागत नाहीत असं थोडंच आहे?

अंदाज बांधायचा तर कसा? अर्थशास्त्राच्या टी.वाय.च्या विद्यार्थ्याला झेपेल इतपत मी करून पाहिला. तीन गोष्टी लागतात: किती माणसांना मदत लागते, रोज किती तास लागते, आणि तासाचा दर काय.

पहिली गोष्ट मोजायची पद्धत जुनी आहे. सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरने 1963 मध्ये सहा गोष्टींची यादी केली: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. यातलं काय जमत नाही ते विचारायचं, बस. आपल्या देशात 2017-18 मध्ये 'लासी' नावाचं मोठं सर्वेक्षण झालं, पंचेचाळिशीच्या पुढच्या बहात्तर हजारांवर माणसांचं. त्यात साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे 24 जणांना अशा रोजच्या कामांपैकी निदान एकात तरी अडचण होती. अडचण म्हणजे दरवेळी दुसऱ्याचे हात लागतातच असं नाही. कुणी भिंतीला धरून का होईना, आपलं आपण आवरतं.

गोव्यात 2011 साली साठीपुढचे सुमारे 1 लाख 63 हजार. आकडा जुना आहे, म्हणजे आजच्या मानाने कमीच. आता समजा, शंभरांत दहाच जणांना रोज दुसऱ्याचे हात लागतात आणि तेही तीनच तास. तासाचा दर 60 रुपये धरला, म्हणजे आठ तासांचे 480. हे तिन्ही आकडे मी धरलेले आहेत, कुठल्या अहवालातले नाहीत. गुणाकार केला की वर्षाला सुमारे 107 कोटी रुपये येतात. आता दुसऱ्या टोकाला जाऊ. लासीतल्या सगळ्या 24 जणांना मदत लागते आणि रोज सहा तास लागते असं धरलं, तर तोच हिशोब सुमारे 515 कोटींवर जातो. दर तोच, लोकसंख्या तीच, तरी उत्तर जवळजवळ पाचपट. तुलनेला म्हणून सांगतो: एक लाख माणसांना महिन्याला 2000 रुपये द्यायचे तर वर्षाला 240 कोटी लागतात.

या पाचपट फरकाकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, बघा, अंदाज बांधणं व्यर्थ आहे. मला उलट वाटतं. फरक कशामुळे पडला? किती माणसं आणि किती तास, या दोनच गोष्टींमुळे. दोन्ही घरोघर विचारून कळण्यासारख्या आहेत. रुपयांचं नंतर बघू, आधी तास मोजा.

तास मोजणं म्हणजे काय हे मला आमच्याच घरात कळलं. आजीला अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं, भूक आणि राग दोन्ही शाबूत आहेत. या प्रोजेक्टसाठी मी एक आठवडा वहीत नोंद ठेवली. प्रत्यक्ष हात लावून केलेलं कामच लिहायचं, नुसतं घरात असणं लिहायचं नाही, असा नियम केला. आठवड्याची बेरीज 37 तास झाली. आईचे 29, माझे 5, पप्पांचे 3. पप्पांनी वही बघितली आणि म्हणाले, "मी बाजारात जाऊन डायपर आणतो ते धरलंस का?" धरलं होतं. आईने वही बघितलीच नाही, तेव्हा ती आजीच्या पाठीला पावडर लावत होती.

वहीत न आलेली गोष्ट जास्त मोठी होती. रात्री दोनला आजी हाक मारेल म्हणून अर्धवट झोपणं, लग्नाला गेलं तरी जेवून लगेच निघणं, दोघींनी मिळून कधीच घराबाहेर न पडणं. याला तासांत कसं लिहायचं ते मला समजलं नाही. नुसते ते 37 तास 60 च्या दराने धरले तरी वर्षाचे एक लाख पंधरा हजार होतात. एका एजन्सीने पूर्ण दिवसाच्या बाईचे महिन्याला पंचवीस हजार सांगितले, तो विषय तिथेच संपला.

आमचं घर अपवाद नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी 134 मिनिटं देत होत्या, पुरुष 76. यात मुलांचं करणंही आलं. घरकाम वेगळंच: बायकांची 299 मिनिटं आणि पुरुषांची 97.

आई एका खाजगी ऑफिसात हिशोबनीस होती. पंधरा हजार पगार, प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा. आजीचं झाल्यावर तिने नोकरी सोडली. चार वर्षांचा पगार धरला तर सात लाख वीस हजार गेले, पण माझा मुद्दा पगाराचा नाही. प्रॉव्हिडंट फंडाबरोबर जी पेन्शन योजना असते तिला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. आईची सात झाली होती. सुरुवातीच्या महिन्यांत औषधं, हवेची गादी, फिजिओथेरपिस्ट यांच्यापायी तिने फंड आणि पेन्शनची रक्कम दोन्ही काढून घेतल्या. त्याबरोबर ती सात वर्षंही पेन्शनच्या दृष्टीने पुसली गेली. म्हणजे साठीनंतर तिला स्वतःची पेन्शन नाही, साठलेलं काही नाही. मग ती काय करणार? दयानंद योजनेचा अर्ज भरणार. महिन्याला 2000, वर्षाला 24 हजार, ऐंशीपर्यंत जगली तर आजच्या दराने 4 लाख 80 हजार. सरकारने आजीच्या शुश्रूषेवर जे पैसे वाचवले असं वाटतं, ते आईच्या म्हातारपणी असे बाहेर पडणार. आणि आईला कुणाचे हात लागले तर ते कुणाचे, हा प्रश्न वेगळाच. मी एकुलता एक आहे, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखी माझीही एक नजर पासपोर्टवर आहे.

खर्चाचा अंदाज बांधणारे लोक याला खर्च मानत नाहीत, कारण तो दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या दशकात आणि दुसऱ्या बाईच्या नावावर पडतो.

याच्या विरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. सरकारने मदतनीस दिले तर आज जी घरं फुकटात सांभाळतात तीही रांगेत येतील, आणि खर्च अंदाजाच्या बाहेर जाईल. जपानमध्ये असंच झालं म्हणतात. जपानने 2000 साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, अर्धा पैसा करांतून, आणि सेवा घेणाऱ्याने सुरुवातीला दहा टक्के भार उचलायचा. पहिल्या वर्षी सुमारे 3.6 लाख कोटी येन खर्च आला, वीस वर्षांत तो जवळजवळ तिप्पट झाला. पुढे सरकारला कमाईवाल्या वृद्धांचा वाटा वीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढवावा लागला. तेव्हा आकडे फुगतात हे खरंच.

पण जपानकडून शिकण्यासारखं दुसरंच आहे. तिथे कुणी मदत मागितली की 74 मुद्द्यांची तपासणी होते आणि तिच्यावरून त्या माणसाच्या शुश्रूषेची प्रमाण मिनिटं काढतात. बत्तीस ते पन्नास मिनिटं आली तर खालची पायरी, 110 च्या वर गेली तर सगळ्यात वरची. घरात खरोखर तेवढीच मिनिटं लागतात असं नाही, तो तुलनेचा गज आहे. पण गज आहे! त्यामुळे पुढच्या वर्षी किती लागतील याचा अंदाज बांधता येतो, चुकला तर किती चुकला ते कळतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथल्या महिला संघटनांनी घरच्यांना रोख भत्ता देण्याला विरोध केला होता. रोख दिली की सुनेला घरात बांधून ठेवायला निमित्तच मिळेल असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून तिथे पैसे न देता सेवा देतात. जर्मनीने 1995 मध्ये असाच विमा आणला तेव्हा रोख आणि सेवा दोन्ही पर्याय ठेवले, आणि पुष्कळ घरांनी रोख घेतली.

आपल्याकडे तर रोखीची सवय लागलेली आहे. गृह आधार योजनेचे महिन्याला 1500 आईला मिळतात. ती ते नाकारत नाही, मीही नाकारणार नाही. पण तिला पैशांपेक्षा आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन आजीजवळ बसलेलं जास्त हवंय, म्हणजे ती दोन दुपारी कुणाची तरी वह्या-खाती लिहू शकेल.

जपान श्रीमंत आहे, आपलं काय, असं कुणी म्हणायच्या आत केरळकडे बघूया. कोळिकोडला 1993 मध्ये डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी दुखणाइतांच्या शुश्रूषेचं काम सुरू केलं. पुढे ते गावोगाव पसरलं, आणि 2008 मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. पंचायतीच्या पैशातून नर्स घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्या बाईला कूस कशी बदलायची ते शिकवते. बरोबर गावातले स्वयंसेवक असतात, त्यांत कॉलेजची मुलंही. खर्च फार नाही, कारण इमारत नाही. आपण डिसेंबरात केक घेऊन वृद्धाश्रमात जातो, कॅरोल म्हणतो, फोटो काढतो. वाईट नाही ते, आज्यांना आवडतं. पण केरळातली मुलं फेब्रुवारीतही जातात, जुलैच्या पावसातही जातात.

कायद्याचं म्हणाल तर 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. मुलांनी न सांभाळलं तर न्यायाधिकरण महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह ठरवू शकतं. मुलं हृदयशून्य असतील तिथे हा कायदा हवाच. पण जिथे मुलं सांभाळतात आणि सांभाळता सांभाळता मोडतात, त्या घराला तो काय देतो? काहीच नाही.

मग सरकारने उद्या काय करावं? मी सगळ्यांना मदतनीस द्या म्हणत नाही, तेवढा हिशोब अजून कुणाकडे नाही. आधी तो हिशोब करा एवढंच मागणं आहे, आणि त्यासाठी नवं सर्वेक्षणही नको. दयानंद योजनेच्या लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस जिवंत आहे की नाही एवढंच सरकार त्यात विचारतं. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला कॅट्झच्या सहा गोष्टी छापाव्यात, प्रत्येकीसमोर तीन चौकोन: एकट्याने जमतं, मदतीने जमतं, जमत नाही. खाली आणखी तीन ओळी. मदत कोण करतं. रोज साधारण किती तास. आणि ती मदत करायला लागण्याआधी ते माणूस काय काम करत होतं, ते आता कोण करतं.